सहावी ते आठवीचे समाजशास्त्र आणि आम्ही शिक्षक

जूनमध्ये शाळा भरली की पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापक वेळापत्रक मांडायला बसतात. त्या कागदावर विषय ज्या क्रमाने भरले जातात, त्या क्रमातच समाजशास्त्राविषयी आपल्याला काय वाटते ते दिसून येते. गणित आणि इंग्रजीचे तास सकाळच्या ताज्या वेळेत बसतात, त्यानंतर विज्ञान आणि भाषा. इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल यांच्या वाट्याला जेवणाच्या सुट्टीनंतरची, मुले सुस्तावलेली असतानाची वेळ येते. हे तास कोणी घ्यायचे हा प्रश्न पुष्कळ शाळांत ‘ज्यांचे तास कमी भरतात त्यांनी’ असा सुटतो. मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला हा विषय शिकवते. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदांमध्ये, प्रशिक्षणांच्या चहाच्या सुट्टीत आणि बदली होऊन आलेल्या-गेलेल्या सहकाऱ्यांशी बोलताना या विषयाबद्दल जे ऐकले आणि वर्गात जे घडताना पाहिले, ते एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

कायद्याने या विषयाला दुय्यम मानलेले नाही, हे आधी सांगायला हवे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी किमान तीन प्रकारचे शिक्षक असावेत असे म्हटले आहे: विज्ञान व गणितासाठी एक, सामाजिक शास्त्रांसाठी एक आणि भाषांसाठी एक. शिक्षक पात्रता परीक्षेच्या दुसऱ्या पेपरमध्येही उमेदवाराला गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एक गट निवडावा लागतो आणि त्या गटाला १५० पैकी ६० गुण असतात. म्हणजे कागदावर हा विषय शिकवणारा शिक्षक स्वतंत्र आहे, त्याची पात्रता स्वतंत्र आहे. प्रत्यक्षात मात्र पटसंख्या कमी असलेल्या शाळेत तीन वर्गांना दोनच शिक्षक उरतात, एखादे पद रिक्त राहते, आणि सामाजिक शास्त्रांच्या पदावर असलेल्या शिक्षकाची पदवी मराठीची किंवा अर्थशास्त्राची असते. भूगोल त्याने स्वतः दहावीत शेवटचा वाचलेला असतो. अशा शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. समोच्च रेषांचा नकाशा किंवा स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हे पाठ ज्याला कधी कोणी नीट समजावले नाहीत, तो ते वाचून दाखवण्यापलीकडे काय करणार?

यापेक्षाही खोलवर परिणाम करणारी गोष्ट म्हणजे या विषयाविषयी आम्हांला कोणी काही विचारत नाही. राज्यभर होणाऱ्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या भाषा, गणित आणि इंग्रजीच्या असतात. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेत एका पेपरला प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्याला तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. समाजशास्त्र तिथे नाहीच. शाळेची गुणवत्ता ज्या आकड्यांवरून मोजली जाते आणि गावात ज्या यादीचा फलक लागतो, त्यांत इतिहास-भूगोलाचा वाटा शून्य असेल, तर शिक्षकाने आपला वेळ कुठे घालावा हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. शाळेला भेट देणारे अधिकारीही मुलांना वाचायला लावतात, भागाकार घालायला लावतात. ‘तुमच्या गावात पाणी कुठून येते आणि त्याचा निर्णय कोण घेते’ असे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी आठवीत जी राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा होते, तिच्या शालेय क्षमता चाचणीत ९० पैकी ३५ गुण समाजशास्त्राला आहेत. विज्ञानाला ३५ आणि गणिताला २० आहेत. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतील की नाही, हे ज्या परीक्षेवर ठरते, तिथे गणितापेक्षा समाजशास्त्राचे वजन जास्त आहे. आमच्या भागातल्या पालकांच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही, विशेषतः मुलीचे शिक्षण दहावीनंतर थांबवायचे की नाही याचा विचार घरात चालू असतो तेव्हा. असे असूनही या परीक्षेच्या जादा तासांत समाजशास्त्र म्हणजे सातवी-आठवीच्या पुस्तकांतले सन आणि नावे यांची उजळणी, एवढेच बहुतेक ठिकाणी होते.

वर्गात हा विषय कसा शिकवला जातो, ते आता सांगते. तास सुरू होतो, एक मुलगा उभा राहून परिच्छेद वाचतो, शिक्षक अधूनमधून थांबवून कठीण शब्दाचा अर्थ सांगतात, पुढचा मुलगा पुढचा परिच्छेद वाचतो. पाठ संपला की स्वाध्याय. स्वाध्यायाची उत्तरे फळ्यावर येतात किंवा गाईडमधून थेट वहीत उतरतात, आणि वह्या तपासून झाल्या की घटक पूर्ण. भूगोलात याला नकाशा भरण्याची जोड मिळते, तोही पाठ्यपुस्तकातल्या नकाशावर पातळ कागद ठेवून. आम्हा शिक्षकांच्या बोलण्यात या विषयासाठी एक शब्दप्रयोग रूढ झाला आहे: ‘वाचून होणारा विषय’. गणित शिकवावे लागते, इंग्रजी शिकवावे लागते, समाजशास्त्र वाचून होते. हे बोलणारे शिक्षक आळशी असतात असे मुळीच नाही. त्यांतले काही जण गणितासाठी रात्री जागून साहित्य तयार करणारे आहेत. विषयाकडे पाहण्याची दृष्टीच अशी घडली आहे, की ज्ञान पुस्तकात आधीच पूर्ण झालेले आहे आणि आपले काम ते मुलांपर्यंत पोहोचवण्याचे आहे.

दुसरी एक दृष्टी वरवर पाहता याच्या उलट आहे. काही शिक्षक, विशेषतः इतिहासाचे, अतिशय जीव ओतून शिकवतात. प्रतापगडाचा प्रसंग ते असा सांगतात की शेजारच्या वर्गातली मुलेही शांत होऊन ऐकतात. त्यांच्या मते हा संस्कारांचा विषय आहे. मुलांना अभिमान वाटावा, थोरांचे गुण अंगी बाणावेत, नागरिकशास्त्रातून शिस्त यावी, कर्तव्ये कळावीत. या शिक्षकांविषयी मला आदर आहे, कारण कंटाळवाण्या तासापेक्षा रंगलेला तास केव्हाही चांगला. तरीही माझे मत असे झाले आहे की वाचून दाखवणाऱ्याच्या वर्गात आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या वर्गात मुलांचे काम एकच राहते, ते म्हणजे ऐकण्याचे. ‘हे आपल्याला कसे कळले?’ हा प्रश्न दोन्ही वर्गांत विचारला जात नाही. आठवीच्या इतिहासाचा पहिलाच पाठ ‘इतिहासाची साधने’ हा आहे. तो पहिला घटक म्हणून जुलैच्या आत संपवला जातो, साधनांचे प्रकार पाठ होतात, आणि त्यानंतर वर्षभर एकही साधन मुलांच्या हातात पडत नाही.

सातवीला मी ‘स्वराज्याचा कारभार’ शिकवते तेव्हा अष्टप्रधानांचा तक्ता आहेच, तो मुले चटकन पाठ करतात. पण त्यासोबत मी शिवाजी महाराजांचे १६७३ मधले एक पत्र वर्गात आणते. चिपळूणजवळ तळ देऊन राहिलेल्या लष्करातल्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे, आणि मोठ्या माणसांना ते ऐकून माहीत असते. पूर्ण पत्र मात्र फार थोड्यांनी वाचलेले असते. जुनी मराठी मुलांना अवघड जाते, म्हणून मी शेजारी सोप्या भाषेतला मजकूर लिहून देते आणि चार-चार मुलांच्या गटांना एकच काम सांगते: पत्र लिहिणाऱ्याला कशाची भीती वाटत होती, ते शोधा.

मुलांना सापडत गेलेल्या गोष्टी अशा. घोड्यांसाठी साठवलेली वैरण आताच मनमानी खर्च केली, तर भर पावसात ती मिळणार नाही आणि घोडी मरतील, ही पहिली भीती. मग शिपाई शेतकऱ्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी उचलून आणतील आणि गरीब कुणबी गाव सोडून जातील, त्यांना मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल, ही दुसरी. गवताच्या गंजीजवळ कोणी स्वयंपाक पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा जळत ठेवील आणि उंदीर पेटती वात ओढून नेऊन आग लावील, ही तिसरी. उंदराचा उल्लेख आला की वर्गात हालचाल होते. एवढा मोठा राजा उंदराचा विचार करतो, याचे मुलांना आश्चर्य वाटते, आणि त्या आश्चर्यातून कारभार म्हणजे काय हे जितके स्पष्ट होते तितके तक्त्याने होत नाही. आमच्याकडची मुले चारा छावण्यांच्या गोष्टी घरात ऐकत वाढलेली आहेत. वैरण पुरवून वापरणे म्हणजे काय, हे त्यांना मला समजावून सांगावे लागत नाही. उलट एका मुलीने मला सांगितले की गंजीजवळ विडी ओढू नका असे तिची आजी अजूनही गड्यांना बजावते.

यानंतरचा प्रश्न मात्र मी आवर्जून विचारते. असे पत्र लिहावे लागले, याचा अर्थ काय? काही शिपाई तसे वागत असले पाहिजेत, किंवा वागतील अशी शंका असली पाहिजे. म्हणजे स्वराज्यातही कायदा मोडणारे होते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागत होते. हे कळल्याने महाराजांविषयीचा आदर कमी होतो का? माझा अनुभव असा आहे की तो वाढतो आणि अधिक जाणता होतो. साधनाला प्रश्न विचारण्याची सवय सातवीत लागली, तर मोबाइलवर इतिहासाच्या नावाने जे काही येते त्यालाही प्रश्न विचारता येतात, म्हणून मला ही सवय परीक्षेतल्या गुणांइतकीच महत्त्वाची वाटते.

नागरिकशास्त्राची स्थिती याहून कठीण आहे, आणि त्यात मला सतत टोचणारी एक विसंगती आहे. शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामे लावायला मनाई केली, तरी जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका ही कामे त्यातून वगळली. त्यामुळे गावोगावच्या शिक्षकांनी आयुष्यभरात कितीतरी निवडणुका प्रत्यक्ष चालवलेल्या असतात. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप (चाचणी) मतदान घेणे, ती मते पुसून यंत्र मोहोरबंद करणे, पहिल्या मतदान अधिकाऱ्याने नाव मोठ्याने पुकारणे, दुसऱ्याने सही घेऊन बोटाला शाई लावणे, तिसऱ्याने नियंत्रण यंत्राचे बटण दाबून मत खुले करणे, हे सगळे आम्ही हाताने केलेले आहे. कोणाच्या नावावर आधीच मतदान झालेले असेल तर त्याला प्रदत्त मतपत्रिका कशी द्यायची, हे आम्हांला ठाऊक आहे. लोकशाही कशी चालते याचे इतके बारीक, प्रत्यक्ष ज्ञान असलेला दुसरा वर्ग समाजात शोधून सापडणार नाही. आणि तोच शिक्षक दोन दिवसांनी वर्गावर येतो तेव्हा नागरिकशास्त्राचे पुस्तक उघडून ‘निवडणुका हा लोकशाहीचा आधार आहे’ हे वाक्य वाचायला सांगतो. आपण जे करून आलो ते शिकवण्यासारखे आहे, असे त्याला कधी कोणी सुचवलेलेच नसते. त्याच्या लेखी निवडणूक ही ड्यूटी आहे आणि नागरिकशास्त्र हा पाठ आहे.

आमच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक आता सहावीच्या स्थानिक शासनसंस्थांच्या घटकाला जोडून घेतली जाते. मतदार यादी मुलेच तयार करतात आणि ती आठवडाभर फलकावर लावतात. नाव राहिले असेल तर लेखी हरकत घ्यायची. पहिल्यांदा यादी लागली तेव्हा मधल्या काळात ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबातल्या दोन मुलांची नावे त्यात नव्हती. त्यांनी हरकत घेतली नाही. ती घ्यायची असते हेच त्यांना माहीत नव्हते. त्यांच्या वर्गमैत्रिणीने घेतली. त्या दिवशी यादीतून कोण सुटते आणि का सुटते, यावर झालेली चर्चा मला कोणत्याही पुस्तकातून घडवता आली नसती. मतदानाची वेळ संपताना मी मुलांना प्रत्यक्ष मतदान केंद्रावरची एक पद्धत करून दाखवते: वेळ संपली की रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या द्यायच्या, पण सुरुवात रांगेच्या शेवटच्या माणसापासून करायची. असे का, हे विचारल्यावर मुले थोडा वेळ घेतात आणि मग कोणीतरी ओरडते, ‘बाई, म्हणजे मागून कोणी घुसायला नको!’ नियमामागे कोणाच्या तरी लबाडीचा अनुभव असतो आणि त्यावर कोणीतरी विचार करून काढलेला तोडगा असतो, हे त्यांना एकदा दिसले की राज्यघटनेतल्या तरतुदींकडेही ती त्याच नजरेने पाहू लागतात.

गुप्त मतदानाविषयीचा प्रश्न मात्र मला दर वेळी विचारात पाडतो. ‘मत कुणाला दिले ते सांगायचे नसते, मग घरातले सगळे एकालाच मत कसे देतात?’ असे सहावीच्या एका मुलाने विचारले होते. याचे उत्तर पुस्तकात नाही, आणि शिक्षकाने ते पूर्ण द्यावे असेही मला वाटत नाही. मी त्याला घरी आईला विचारून यायला सांगितले.

इथे मी त्या भीतीपाशी येते, जिच्यामुळे अनेक चांगले शिक्षकही नागरिकशास्त्र आटोपते घेतात. एका प्रशिक्षणात मूलभूत हक्कांवर बोलणे चालले असताना मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, ‘संविधान शिकवा, पण जात काढू नका.’ बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. वर्गात सगळ्या समाजांची मुले बसतात, आरक्षणावर घराघरांत टोकाची मते आहेत, एखादे वाक्य घरी वेगळ्या रूपात पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात पालक उभे राहतात. बदलीची टांगती तलवार असलेला शिक्षक म्हणतो, वाद नको. परिणामी सातवीच्या वर्गात अस्पृश्यता नष्ट करणारा सतरावा अनुच्छेद एका ओळीत पाठ होतो आणि अस्पृश्यता म्हणजे नेमके काय होते, हे मुलांना कळतच नाही. ज्यांच्या घरांनी ते भोगले त्या मुलांना ते माहीत असते, पण वर्गात त्यावर बोलायचे नसते, एवढेच ती शिकतात.

माझ्यापुरता मार्ग मी असा शोधला आहे की मत मांडण्याऐवजी जागा आणि घटना समोर ठेवायची, आणि ती शक्य तितकी जवळची निवडायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तिथल्या शाळेत दाखल झाले आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. हे मुलांना त्या दिवशीच्या परिपाठामुळे माहीत असते. त्यांना माहीत नसते ते पुढचे. बाबासाहेबांचे वडील त्या काळात आमच्याच खटाव तालुक्यातल्या गोरेगाव इथे नोकरीला होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायचे काम काढले होते आणि त्या कामावर ते रोखपाल होते. सुट्टीत त्यांना भेटायला निघालेली मुले साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्टेशनला उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. ही मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची, या अटीवर एक जण तयार झाला. रात्रभराच्या त्या वाटेवर त्यांना प्यायला पाणीही मिळाले नाही. हे सगळे बाबासाहेबांनी स्वतः आठवणींत लिहून ठेवले आहे.

मी तालुक्याचा आणि जिल्ह्याचा नकाशा टेबलावर पसरते आणि मुलांना मसूर शोधायला सांगते, गोरेगाव शोधायला सांगते. आमच्या वर्गातल्या मुलांचे मामा-मावश्या या गावांत राहतात, एसटीने त्याच बाजूने त्यांचे येणे-जाणे असते. मग पंधराव्या अनुच्छेदातला तो भाग वाचायचा, ज्यात सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराला कोणालाही मज्जाव करता येणार नाही असे म्हटले आहे. घटनेत विहिरीचा आणि तलावाचा उल्लेख कशासाठी लागला, हा प्रश्न विचारावाही लागत नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, आणि १९५० मध्ये तीच गोष्ट देशाच्या घटनेत आली, हा क्रम मुले त्यानंतर स्वतः फळ्यावर मांडतात. या तासाबद्दल आजवर एकाही पालकाची तक्रार माझ्याकडे आलेली नाही. एक आजोबा मात्र शाळेत येऊन आणखी काही सांगून गेले, ते मी त्यांच्या परवानगीशिवाय इथे लिहिणार नाही.

स्वशासनाच्या बाबतीतही आमचा परिसर श्रीमंत आहे आणि त्याची दखल फारशी घेतली जात नाही. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या मार्गदर्शनाने संस्थानाला स्वराज्याची घटना दिली आणि गावपंचायतींच्या पायावर कारभार उभा केला. देशाला स्वातंत्र्य मिळण्याआधी आठ वर्षे खटाव तालुक्यातल्या एका गावातून हा प्रयोग सुरू झाला, हे मी सांगेपर्यंत बाहेरून बदलून आलेल्या सहकाऱ्यांना माहीत नव्हते. स्थानिक सहकाऱ्यांना औंध म्हणजे यमाईदेवीचे मंदिर आणि संग्रहालय एवढेच ठाऊक होते. राज्यभर एकच पाठ्यपुस्तक असताना त्यात प्रत्येक तालुक्याचे औंध येणे शक्य नाही, ते शिक्षकानेच आणायला हवे.

भूगोलाबद्दल थोडक्यात लिहिते. आमच्या जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. पर्जन्यछाया ही संकल्पना शिकवायला याहून चांगली जागा राज्यात क्वचितच असेल. त्याच दुष्काळाने माणसे बाहेर काढली, म्हणून वर्गातल्या मुलांचे वडील आणि काका कुठे कामाला आहेत हे आम्ही भारताच्या नकाशावर टाचण्या लावून दाखवतो. नवी मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून काम करणारे पुष्कळ निघतात, सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायात गेलेले दक्षिणेत आणि उत्तरेत लांबलांबच्या शहरांत निघतात. टाचण्या लागल्या की मुले स्वतःच विचारू लागतात: मुंबईलाच इतके का? कोइमतूरला पहिल्यांदा कोण गेले? १९६९ चा माथाडी कायदा काय आहे? तिथे भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र वेगळे काढता येत नाहीत. राष्ट्रीय पातळीवरची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीसाठी तिन्ही विषयांचे मिळून एकच पुस्तक काढले, तेव्हा शिक्षकांच्या गटांवर बरीच नाराजी उमटली. पुस्तकाच्या मजकुराविषयी मतभेद असू शकतात, परंतु विषय एकत्र आणण्याची कल्पना मला पटते, कारण मुलाच्या आयुष्यात ते एकत्रच असतात. मध्य प्रदेशात एकलव्य संस्थेने १९८० च्या दशकातच सहावी ते आठवीसाठी सामाजिक अध्ययनाची वेगळी पुस्तके शिक्षकांसोबत बसून घडवायला सुरुवात केली होती. मुलाच्या परिसरापासून सुरुवात करण्याचा विचार आपल्या देशातच इतका जुना आहे.

हे सगळे करायला वेळ कुठून आणायचा, असे सहकारी विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे. ऑनलाइन माहिती भरण्यात, शालेय पोषण आहाराच्या नोंदींत आणि अचानक येणाऱ्या उपक्रमांत दिवस जातो. मी प्रत्येक पाठ असा शिकवत नाही. काही पाठ वाचूनच होतात आणि ते तसेच होऊ देते, जेणेकरून वर्षातले मोजके घटक खोलवर घेता येतील. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाची साधनेही याच्या आड येत नाहीत. प्रकल्प, उपक्रम, तोंडी काम यांसाठी सातवी-आठवीला ४० गुण आधीच राखून ठेवलेले आहेत. सध्या ते पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या नेत्यांच्या चित्रांवर खर्च होतात. त्याऐवजी नकाशावरच्या टाचण्यांसाठी मुलाने घरी घेतलेली मुलाखत तपासायला घ्यावी, एवढा बदल कोणत्याही शिक्षकाला स्वतःच्या अधिकारात, कोणाची परवानगी न घेता करता येतो.

प्रशिक्षणांची मात्र दिशा बदलायला हवी, असे मला ठामपणे वाटते. आम्हांला पीपीटीवर क्षमतांची विधाने दाखवली जातात, अध्ययन निष्पत्तींचे क्रमांक सांगितले जातात. पण माणच्या शिक्षकाने मसूरचा प्रसंग कसा घ्यावा, पालक चिडून आले तर मुख्याध्यापकांनी आणि केंद्रप्रमुखांनी त्याच्या पाठीशी कसे उभे राहावे, यावर कोणी बोलत नाही. शिक्षण परिषदेत दर महिन्याला एका शिक्षकाने आपल्या परिसरातले एकच साधन मांडावे, मग ते जुने पत्र असो, धरणाची पाटी असो, ग्रामसभेचा ठराव असो किंवा निवडणुकीच्या कामातला एखादा नियम असो, अशी सूचना मी आमच्या केंद्रात केली आहे. दोघींनी नावे दिली आहेत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीला ‘नोकरशाही’ हा पाठ येतो. त्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना वर्गावर बोलवायचे ठरले आहे आणि मुलांनी प्रश्नांची यादी आत्ताच तयार केली आहे. तुमची बदली कोण करते, सरपंच चुकीचे सांगत असतील तर तुम्ही काय करता, पाण्याच्या टँकरची मागणी लिहिल्यापासून टँकर येईपर्यंत कागद कुठे कुठे जातो, असे प्रश्न त्यात आहेत. शेवटचा प्रश्न मी काढून टाकावा असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. मी तो ठेवला आहे, आणि त्या कागदाचा प्रवास मुलांनी नकाशावर काढावा असे ठरवले आहे.